तणावाच्या काळात बातमी देताना: डेस्कसाठी आणि बातमीदारांसाठी

दोन समाजांत आधीच धुसफूस असेल, तर एखाद्या मृत्यूची पहिली बातमी फार जपून द्यावी लागते. कोसोवोत १६ मार्च २००४ रोजी इबार नदीत तीन अल्बानियन मुलं बुडाली. सर्बांनी कुत्रा मागे लावल्यामुळे मुलं पाण्यात उतरली, असं वाचलेल्या मुलाने सांगितलं आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर ते खात्रीच्या सुरात गेलं. दुसऱ्या दिवशी उसळलेल्या दंगलींत १९ जणांचा जीव गेला. त्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांना तपासात मिळाला नाही. दंगलीला इतर कारणंही होतीच, पण ठिणगी या बातमीने पुरवली.

बातमी दाबायला हवी होती, असं इथे म्हणायचं नाही. मुलं बुडाली, वाचलेला मुलगा असं सांगतो, त्याला अजून दुजोरा नाही, तपास सुरू आहे, एवढं त्या रात्रीही देता आलं असतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर तीन रकाने करा: आपल्या बातमीदाराने स्वतः पाहिलेलं, कोणीतरी सांगितलेलं, अजून न कळलेलं. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक नावापुढे लिहा की तो माणूस तेव्हा कुठे होता आणि त्याने पाहिलं की ऐकलं. मथळा पहिल्या रकान्यातूनच काढायचा. तिसरा रकाना बातमीत छापायचा, कारण तुम्ही सोडलेली जागा अफवा भरून काढते. मृतांच्या आकड्यालाही हाच नियम लावा. रुग्णालयाचा आणि पोलिसांचा आकडा वेगळा असेल तर दोन्ही द्या, कोणाचा कुठला तेही सांगा. मोठा आकडा उचलून ‘सूत्रांनुसार’ लिहू नका.

व्हिडिओ आला की मूळ फाइल मागवा. फॉरवर्ड होऊन आलेली चालत नाही. चित्रीकरण करणाऱ्याला विचारा: कुठे उभे होता, याच्या आधी आणि नंतर काय झालं? चार-पाच फ्रेम काढून इमेज सर्च करा. मग पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, सावल्या आणि त्या दिवशीचं हवामान ताडून पाहा. जुना किंवा भलतीकडचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरवणं ही नेहमीची फसवणूक आहे. खात्री पटली नाही, तर ‘पुष्टी झालेली नाही’ अशी पट्टी लावूनही दाखवू नका. प्रेक्षकाला चित्र आठवतं, पट्टी आठवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांवर घालवावा. ‘संतप्त जमावाने प्रत्युत्तरादाखल दुकानं पेटवली’ या वाक्यात हल्लेखोरांची बाजू आपणच मांडून टाकतो. राग रास्त होता आणि सुरुवात समोरच्याने केली, हे न तपासताच मान्य होतं. ‘तीस-चाळीस जणांनी सात दुकानं पेटवली’ लिहा. ‘दोन समाज भिडले’ तर लिहूच नका. भिडलेली माणसं मोजकी असतात. त्या मथळ्यामुळे घरात बसलेले हजारो जण भांडणात ओढले जातात. जात, धर्म किंवा वंश हल्ल्याचं कारण होतं याची खात्री झाली असेल, तर तसं स्पष्ट सांगा. एरवी त्याची गरज नाही.

लाइव्ह देताना कुणाचं नाव, पत्ता किंवा गाडीचा नंबर जाता कामा नये. रवांडात १९९४ साली तुत्सी समाजाच्या वंशसंहारात आरटीएलएम या रेडिओ केंद्रावरून नावं-पत्ते वाचले जात होते आणि त्या माणसांना शोधून मारलं जात होतं. या रेडिओच्या संस्थापकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवलं. आपला हेतू तसा नसला, तरी पत्ता ऐकणारा जमाव तोच असतो.

अफवा खोडताना सुरुवात खऱ्या गोष्टीने करा, अफवा एकदाच सांगा आणि पुन्हा खऱ्यावर या. मथळ्यात अफवा प्रश्नचिन्ह लावूनही नको.

गप्प बसणं हा मात्र उपाय नाही. केनियात निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला असताना ३ जानेवारी २००८ रोजी प्रमुख वृत्तपत्रांनी देश वाचवण्याचं आवाहन करणारा एकच मथळा छापला. त्याचं स्वागत झालं. पण २०१३ च्या निवडणुकीत शांततेच्या नावाखाली अवघड प्रश्न टाळल्याची टीका तिथल्याच माध्यमांवर झाली. शांततेचं आवाहन जरूर छापा, पण त्याच पानावर तपासाची बातमीही असू द्या.

शक्य असेल तर दोन्ही समाजांतले बातमीदार जोडीने पाठवा. बुरुंडीत १९९५ साली सुरू झालेल्या स्टुडिओ इजाम्बो या रेडिओ स्टुडिओने तिथल्या हुतू आणि तुत्सी या दोन समाजांतल्या पत्रकारांना असं एकत्र कामाला लावलं. एकाला जिथे दार उघडत नाही तिथे दुसरा आत जातो, आणि एकाच्या नजरेतून सुटलेला पक्षपात दुसरा तिथल्या तिथे पकडतो.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे, नोटिफिकेशन गेलं असेल तर नोटिफिकेशननेच. दंगल थांबल्यावर अटक, खटले, भरपाई आणि घरी परतलेल्यांच्या बातम्यांसाठी एका बातमीदाराचं नाव ठरवून ठेवा. तसं केलं नाही, तर या बातम्या कुणीच करत नाही.