ड्रायव्हर न बसवता नेटवर्कवरील प्रिंटरवर छपाई कशी करावी

नवा प्रिंटर घरी किंवा कार्यालयात आला की मॉडेलचा क्रमांक इंटरनेटवर शोधायचा, भलीमोठी फाइल उतरवून घ्यायची, तिच्याबरोबर येणारे नको ते प्रोग्राम निमूटपणे बसवायचे आणि मगच पहिले पान छापायचे, ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत विकल्या गेलेल्या, वाय-फाय किंवा लॅनची सोय असलेल्या बहुतेक प्रिंटरांना आज याची गरज नाही. त्यामुळे काहीही उतरवून घेण्याआधी पुढील पद्धत करून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती ड्रायव्हर नसल्यामुळे क्वचितच. ती बहुधा प्रिंटर नेटवर्कवर न दिसल्यामुळे येते, आणि ती दूर कशी करायची हे एकदा समजले की बाकीचे काम पाच मिनिटांचे आहे.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातील दुभाष्या. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या प्रिंटरची बोली वेगळी असे, म्हणून दुभाष्याही वेगळा लागे. आता आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, ही सर्वांनी मान्य केलेली सामाईक बोली आहे. संगणक प्रिंटरला विचारतो की तुझ्याकडे कोणत्या मापाचे कागद आहेत, दोन्ही बाजूंनी छापता येते का, रंग आहेत का, फाइल कोणत्या स्वरूपात हवी. प्रिंटर स्वतःच त्याची उत्तरे देतो आणि ती उत्तरे पाहून संगणक छपाईची खिडकी आपल्यासमोर मांडतो. ॲपलने २०१० साली आयफोन आणि आयपॅडसाठी एअरप्रिंट आणले, ते याच पायावर. २०१३ मध्ये प्रिंटर वर्किंग ग्रुप या संस्थेने आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी प्रिंटर बनवणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनी मिळून मोप्रिया अलायन्स स्थापन केला. नावे तीन असली तरी आतली यंत्रणा बरीचशी एकच आहे, आणि यांपैकी एक जरी नाव प्रिंटरच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत आढळले तरी आपले काम होण्यासारखे आहे, असे समजावे. काटेकोरपणे बोलायचे तर संगणकात एक सर्वसाधारण ड्रायव्हर असतोच; पण तो ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेला असतो आणि ही सामाईक बोली येणाऱ्या सगळ्या प्रिंटरांना चालतो.

सुरुवात संगणकापासून न करता प्रिंटरपासून करावी. प्रिंटरच्या पडद्यावरील नेटवर्कच्या मेनूतून, आणि पडदा नसेल तर पुस्तिकेत दिलेली बटणे दाबून, नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्यावे. त्या पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखण्याचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.४०. हा पत्ता त्याच नेटवर्कवरच्या कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचे स्वतःचे सेटिंगचे पान उघडते. तेथील नेटवर्कच्या भागात आयपीपी, एअरप्रिंट आणि बॉनजोर (प्रिंटरची ओळख नेटवर्कवर पुकारणारी सोय; काही ठिकाणी तिला एमडीएनएस म्हटलेले असते) हे पर्याय चालू आहेत ना, ते पाहावे. कार्यालयातील प्रिंटरवर कोणीतरी केव्हातरी ते बंद करून ठेवलेले आढळते. त्याच वेळी राउटरमध्ये जाऊन प्रिंटरसाठी हा आयपी पत्ता राखून ठेवावा. राउटर पत्ते वाटताना एरवी आज एक आणि वीज जाऊन आल्यावर दुसरा पत्ता देऊ शकतो, आणि मग काल छापणारा प्रिंटर आज ‘ऑफलाइन’ दिसू लागतो.

आता संगणकाकडे वळू. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि त्याखालील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ येथे जाऊन ‘ॲड डिव्हाइस’ दाबावे आणि यादीत प्रिंटर आला की तो जोडावा. मात्र येथे एक गोष्ट तपासल्यावाचून पुढे जाऊ नये. विंडोज अनेकदा आपल्याला न विचारता कंपनीचा ड्रायव्हर पाठीमागून उतरवून घेते. म्हणून जोडलेल्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात ड्रायव्हरचे नाव वाचावे. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ असे असेल तर आपण योग्य वाटेवर आहोत. दुसरेच नाव असेल तर तो प्रिंटर काढून टाकावा, हाताने जोडण्याचा पर्याय घ्यावा, पत्त्याने जोडायचे आहे असे सांगावे, उपकरणाच्या प्रकारात ‘आयपीपी डिव्हाइस’ निवडावे आणि मघाचा आयपी पत्ता भरावा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाची सोयही मिळते. ती चालू केली की संगणक फक्त या नव्या पद्धतीनेच छापतो. पण जुन्या ड्रायव्हरवर चालणारे इतर प्रिंटर त्या क्षणी यादीतून निघून जातात, हे लक्षात ठेवूनच ती चालू करावी.

मॅकवर हे काम सर्वांत सोपे आहे. सिस्टिम सेटिंग्जमधील प्रिंटर जोडण्याच्या खिडकीत प्रिंटर निवडला की खाली ‘यूज’ या चौकटीत आपोआप एअरप्रिंट येते; तेथे कंपनीचे नाव आले असेल तर ते बदलून एअरप्रिंट करावे. लिनक्सवर, विशेषतः उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, प्रिंटर नेटवर्कवर दिसत असेल तर काहीच करावे लागत नाही. छपाईच्या खिडकीत तो स्वतःहून हजर असतो, कारण कप्स ही तेथील छपाईची यंत्रणा त्याच्यासाठी तात्पुरती रांग, म्हणजे छापायची कामे ठेवण्याची जागा, तयार करते. कायमची रांग हवी असेल तर पत्ता असा द्यावा: आयपीपी हे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मग अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा, त्यानंतर प्रिंटरचा आयपी पत्ता, आणि शेवटी तिरपी रेघ, आयपीपी, तिरपी रेघ, प्रिंट. मॉडेल म्हणून ‘एव्हरीव्हेअर’ निवडावे. अँड्रॉइड फोनमध्ये आवृत्ती ८ पासून मूळचीच छपाई सेवा आहे; ती सेटिंग्जमध्ये चालू असल्याची खात्री तेवढी करावी. आयफोनमध्ये तर जोडण्याचा प्रश्नच येत नाही: ‘शेअर’ दाबून ‘प्रिंट’ निवडले की प्रिंटर दिसतो.

किंवा दिसत नाही. खरी गोम येथेच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

प्रिंटर आपली ओळख नेटवर्कवर पुकारून सांगतो. एखाद्या आळीत दवंडी द्यावी तशी ही पुकार २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या ५३५३ या पोर्टवर (क्रमांक दिलेल्या दारावर) होते, आणि ती त्या एका नेटवर्कच्या वेशीबाहेर जात नाही. फोन एका नेटवर्कवर आणि प्रिंटर दुसऱ्यावर असेल तर दोघेही व्यवस्थित चालू असूनही एकमेकांना आंधळे असतात. मी एका छोट्या वाचनालयातील संगणकांची देखभाल करत असताना नेमके हेच झाले. वाचकांच्या फोनवर प्रिंटर दिसेना. दोन दिवस ड्रायव्हर बदलण्यात गेले, प्रिंटर पुन्हा मूळ स्थितीत आणून झाला, आणि अखेर माझ्या लक्षात आले की टेबलावरचा संगणक तारेने मुख्य नेटवर्कला जोडलेला आहे, तर वाचकांना दिलेले वाय-फाय पाहुण्यांसाठीचे, म्हणजे ‘गेस्ट’ नेटवर्क आहे. अशा नेटवर्कवर राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. काही राउटरांत हीच बंदी ‘एपी आयसोलेशन’ या नावाने मुख्य वाय-फायवरही लावलेली असते. तेव्हापासून प्रिंटर दिसत नसेल तर मी पहिली गोष्ट हीच करतो: फोनच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून पाहतो. पान उघडले, तर रस्ता मोकळा आहे आणि फक्त पुकार अडली आहे. तेव्हा संगणकावर पत्ता देऊन हाताने जोडले की काम होते. पान उघडलेच नाही, तर दोष नेटवर्कचा आहे आणि ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आयफोनवर मात्र पत्ता देऊन प्रिंटर जोडण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही, त्यामुळे तेथे पुकार पोहोचणे आवश्यकच ठरते. मोठ्या कार्यालयात नेटवर्कचे तुकडे पाडलेले असतील तर ही पुकार एका तुकड्यातून दुसऱ्यात पोहोचवण्याची सोय राउटरमध्ये चालू करून घ्यावी लागते. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या नेटवर्कमध्ये नेणारा सुरक्षित मार्ग, चालू असेल तर तो थोडा वेळ बंद करून पाहावा. कित्येकदा अडथळा त्याचाच असतो.

प्रिंटर दिसला, पान पाठवले, आणि तरीही तो नुसताच दिवा लुकलुकवत उभा राहिला, तर कागदाचे माप तपासावे. आपल्याकडे ट्रेमध्ये ए४ असतो, पण फाइल अनेकदा ‘लेटर’ या अमेरिकी मापाची असते. ए४ चे माप २१० बाय २९७ मिलिमीटर आणि लेटरचे २१६ बाय २७९. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण प्रिंटर दुसऱ्या मापाच्या कागदाची वाट पाहत थांबतो. प्रिंटरच्या सेटिंगच्या पानावर ट्रेचे माप ए४ असल्याचे नोंदवावे, कारण या पद्धतीत संगणक प्रिंटरचे उत्तर खरे मानून चालतो. ट्रेमध्ये लीगल कागद ठेवून नोंद ए४ ची राहिली असेल तर चुकीचे माप खुद्द प्रिंटरच सांगत असतो.

प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट नसेल तर काय, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याची काळजी करू नये. या पद्धतीत संगणक एकतर पीडीएफ पाठवतो, ज्यात वापरलेले फॉन्ट आत भरलेले असतात, किंवा पानाचे सरळ चित्र करून पाठवतो. चित्राच्या रूपात पान कसे जाते ते पाहण्यासारखे आहे: दर इंचाला ६०० ठिपके धरले तर ए४ पानाचे सुमारे ४,९६० बाय ७,०१६, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. राखाडी छटांत ते सुमारे ३५ एमबी भरते, पण मजकुराच्या पानावर बहुतेक ओळी कोऱ्या पांढऱ्या असल्यामुळे ते दाबून फारच लहान करता येते. या चित्रात ‘वाङ्मय’ आहे की ‘ऱ्हस्व’, हे प्रिंटरला कळण्याचे कारणच नसते. तरीही पडद्यावर ‘दुसऱ्या’ बरोबर दिसते आणि कागदावर मात्र अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात, असे झाले तर ती पीडीएफ बनवतानाच फॉन्ट आत भरायचे राहिले आहेत असे समजावे. ॲक्रोबॅट या पीडीएफ उघडण्याच्या प्रोग्राममध्ये छपाईच्या खिडकीतील ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडावे. पान थोडे हळू छापते, पण बरोबर छापते.

ड्रायव्हर टाळण्याचे कारण केवळ सोय हे नाही. ड्रायव्हर हा संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोच असलेला परका प्रोग्राम असतो. जुलै २०२१ मध्ये उघड झालेल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषात विंडोजमधील प्रिंटरचे ड्रायव्हर बसवण्याची वाटच हल्लेखोरांना संगणकाचा पूर्ण ताबा मिळवायला उपयोगी पडत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या ड्रायव्हरांना विंडोज अपडेटमधून मिळणारा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले, त्यामागे सुरक्षेचा विचार मोठा होता. मात्र नव्या पद्धतीतही एक पथ्य कडक पाळावे: आयपीपीचे ६३१ किंवा थेट छपाईचे ९१०० हे पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडून देऊ नये. घराबाहेरून छापायचेच असेल तर आधी व्हीपीएनने घरच्या नेटवर्कमध्ये यावे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. मोठ्या कार्यालयीन यंत्रांवर पानांना पिना मारणे, पिन क्रमांक टाकल्यावरच छपाई सुरू होणे किंवा विभागवार हिशेब ठेवणे यांपैकी काही गोष्टी सर्वसाधारण खिडकीत दिसत नाहीत. रोजच्या कामात त्या लागत असतील तर विंडोजसाठी त्या कंपनीचे छपाई-साहाय्य ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये आहे का ते पाहावे. ते नसेल तर तेवढ्या एका संगणकावर ड्रायव्हर ठेवण्यात गैर काही नाही.

राहता राहिले जुने यूएसबी प्रिंटर. आपल्याकडील दुकानांत आणि वकिलांच्या कार्यालयांत एचपी लेझरजेट १०२० सारखी यंत्रे अजून इमाने काम करत आहेत. त्यांना सामाईक बोली येत नाही. हा प्रिंटर तर चालू झाला की त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअरही त्याला संगणकाकडूनच घ्यावे लागते. अशा प्रिंटरसाठी दुभाष्या लागतोच, पण तो एकाच ठिकाणी ठेवता येतो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा अडगळीतला जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स आणि कप्स बसवावे, प्रिंटर यूएसबीने त्याला जोडावा, या मॉडेलसाठीचा फू-टू-झेडजेएस हा खुला ड्रायव्हर तेथे घालावा आणि कप्सच्या सेटिंगमध्ये प्रिंटर नेटवर्कवर सामाईक करावा. त्याच यंत्रावर अवाही ही पुकार करणारी सेवा चालू असली की तो जुना प्रिंटर एअरप्रिंटचा म्हणून पुकारला जातो, आणि घरातल्या आयफोनपासून कार्यालयातल्या विंडोजपर्यंत कोणालाही काही न बसवता त्यावर छापता येते. सर्वांच्या संगणकांवरील यादीत या प्रिंटरची जुनी, यूएसबीच्या काळातली नोंद राहिलेली असेल, ती मात्र त्याच दिवशी काढून टाकावी. नाहीतर सवयीने लोक तीच निवडतात आणि पाने कुठेच छापली न जाता रांगेत पडून राहतात.