कोकणातल्या उन्हाळ्याचे फोटो: कॅमेऱ्याआधी तिथी पाहा

मे महिन्यात गावी निघताना बॅग भरण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा. लग्न-मुंजीच्या तारखांभोवती कुणीतरी आधीच गोल काढलेले असतात. त्याच पानावर समुद्राचं वेळापत्रकही असतं, फक्त ते तिथींच्या चौकटींतून वाचावं लागतं. कुठल्या दिवशी किनाऱ्यावर जायचं, कुठल्या दिवशी डोंगरावर आणि केव्हा घरातच थांबायचं, हे त्यावरून ठरतं. कॅमेरा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स, जमल्यास ५५-२५०सारखी एक लांब पल्ल्याची आणि न डगमगणारा ट्रायपॉड एवढ्यावर अख्खा उन्हाळा निघतो. किनारा आणि घरचं कार्य मोबाइलवरही निभतं. पक्षी मात्र नाही.

आधी भरतीचा हिशोब

किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला पूर्ण भरती, पहाटेही साधारण त्याच सुमारास. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अमावास्या पंधरावी धरायची. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी एकदा ताडून घ्यावं. पण महिन्याचा बेत आखायला एवढं पुरतं.

आता हाच हिशोब संध्याकाळला लावून बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साडेपाचला. प्रतिपदेला ओहोटी सातला, द्वितीयेला पावणेआठला. मे महिन्यात कोकणात सूर्य सातच्या आसपास बुडतो. शिवाय हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब ओसरतं. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतच्या या संध्याकाळी पुळणीवर ओल्या वाळूचा लांबलचक पट्टा आरशासारखा चमकत असतो आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. किनाऱ्याचे फोटो याच दिवसांवर टाका.

अष्टमीच्या आसपास उलट. सहाच्या सुमारास भरती आणि तीही भांगाची, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. अशा संध्याकाळी उंचावर जावं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवरून खाली किनारा आणि लांब पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या रस्त्यावर वळणावरून दोन्ही पुळणी एका चौकटीत बसतात.

हेदवीची बामणघळ मात्र उधाणाच्या भरतीलाच बघायची, म्हणजे भर दुपारी. इतर ठिकाणी दुपारचं ऊन फोटो मारतं; इथे ते कामाला येतं. खडकाच्या अरुंद फटीतून उसळणारं पाणी गोठवायला शटरचा १/१००० सेकंदाचा वेग लागतो आणि त्याला उजेड भरपूर हवा. मागे, कोरड्या खडकावर उभे राहा. खडक ओला दिसला की समजावं, लाट तिथवर येऊन गेली आहे आणि परत येणार आहे.

किनाऱ्यावर

सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचा आणि पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या. पुढच्या भागात काय ठेवायचं ते चालत चालत शोधा: एखादा खडक, ओहोटीचा ओहोळ, कुर्ल्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या. नुसता सूर्य आणि नुसतं पाणी असे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ढिगानं असतात.

ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ११, म्हणजे लेन्सचं भोक बारीक. सूर्य बुडाल्यावर शटर आपोआप अर्ध्या-एक सेकंदावर येतं. बटण लाट येताना नाही, परत जाताना दाबायचं. फेसाच्या रेघा तेव्हाच ओढल्या जातात. क्षितिज सरळ आहे ना, बघा. सूर्य बुडाला की बहुतेक मंडळी भेळेच्या गाडीकडे वळतात. तुम्ही आणखी वीस मिनिटं थांबा, रंग बहुधा तेव्हाच चढतो.

तारकर्लीसारख्या पांढऱ्या वाळूवर कॅमेरा फसतो. सगळीकडे उजेडच उजेड आहे असं समजून तो फोटो करडा करून ठेवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण ते एक स्टॉप (कॅमेऱ्यावर +०.७ ते +१) वाढवा. पोलरायझर फिल्टर मावळतीकडे तोंड करून काही उपयोगाचा नाही. सूर्य बाजूला असतानाच तो चमक कापतो.

मेच्या मध्यापर्यंत क्षितिजावर दमट धुरकटपणा असतो आणि सूर्य पाण्याला टेकण्याआधीच फिका पडून विरतो. एखादा वळीव पडून गेला की हवा स्वच्छ होते आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ढगही जमू लागतात. सुट्टी निवडता येत असेल तर मी तोच आठवडा घेईन.

पण त्या आठवड्यानंतर एक मर्यादा येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद असते. हर्णै बंदरातला लिलाव, बैलगाड्यांतून आणि डोक्यावरून उतरणारा माल, हे सगळं त्याआधीच टिपावं लागतं. नंतर होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकायची गडबड दिसते, तीही बघण्यासारखी. मालवणकडे रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर पहाटेच पोचा. सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो, त्यामुळे दोर ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर बराच वेळ मऊ उजेड राहतो. फोटोआधी विचारा, आणि जमलं तर दोराला हातही लावा.

प्राणी-पक्षी

इथे एकच भूगोल ध्यानात ठेवा: समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी पाण्याकडे तोंड केलं की ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि समोरून उडणारी ब्राह्मणी घार किंवा समुद्र गरुड पुरता उजळून निघतो. संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळी आकृती मिळते. उडत्या पक्ष्याला १/१६०० सेकंद, सलग फोकस आणि सलग फोटो. हात बसवायचा असेल तर मासळी उतरते त्या बंदरावर जा. घारी तिथे दिवसभर घिरट्या घालत असतात.

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायची तर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जावं लागतं. मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यासाठी प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे संवर्धनाचं काम सुरू केलं आणि गावानं ते आपलं मानलं. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाहेर पडतात. सकाळ-संध्याकाळ ती पुळणीवर सोडतात. कधी सोडायला एकही पिल्लू नसतं, तीही तयारी ठेवा. पिल्लू क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे समुद्राकडे धावतं, म्हणून फ्लॅश किंवा बॅटरी लावली की त्याची दिशा चुकते. फ्लॅश बंद, फोकसचा छोटा दिवाही बंद. दोरीच्या मागे पोटावर झोपा, कोपरं वाळूत रोवा, कॅमेरा पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. २०० मिलिमीटर, आयएसओ ८०० ते १६००, १/२५० सेकंद पुरतो. पिल्लू थोडं पुढे जाऊ द्या; मागे उमटलेली पावलांची नक्षी चौकटीत आली की ते किती लहान आहे हे न सांगता कळतं.

धनेश पक्ष्यासाठी फिरण्यापेक्षा गावातला फळांनी लगडलेला वड किंवा उंबर शोधा आणि सकाळी त्याच्याखाली गप्प बसा. या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि नर फळं आणून भरवतो. तुम्हाला पाहून तो माघारी फिरला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी. त्यामुळे ढोलीचे फोटो घेऊ नयेत आणि ढोलीची जागा कुणाला सांगूही नये.

दुपार पडवीची

बामणघळीसारखी जागा सोडली तर अकरा ते चार बाहेर काही मिळत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर मालवण ते रत्नागिरीच्या पट्ट्यात एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावलीच नाहीशी होते. अशा वेळी चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. पण याच वेळेला पडवी हा उत्तम स्टुडिओ असतो. वर छप्पर, समोर तापलेलं खळं (अंगण) आणि खळ्यावरून उसळून आत येणारा उजेड. माणसाला पडवीच्या कडेपासून दोन हात आत, खळ्याकडे तोंड करून बसवा. बस्स.

बसवण्यापेक्षा बसलेल्याला गाठणं अधिक चांगलं. आंबापोळी थापणारी आजी, रातांबे फोडून लाल झालेली बोटं, फणसाचे गरे काढताना हाताला खोबरेल चोपडणारे काका. कॅमेरा वर केला की आजी पदर सारखा करत म्हणणार, “माझो फोटो कशाक काढतंस?” त्यावर उत्तर देऊ नका. “आजी, थर याहून पातळ घालायचा का?” असं विचारा. ती सांगू लागली की कॅमेरा विसरते.

लग्न आणि मुंज

पगारी फोटोग्राफरच्या पुढे उभं राहायचं नाही, हा पहिला नियम. अंतरपाट खाली येतानाचा फोटो त्याचा. तुमचे फोटो दुसरीकडे आहेत: मागीलदारी भाजी चिरणाऱ्या बायका, अक्षता वाटत फिरणारं पोर, कान पिळायला आलेला नवरीचा भाऊ आणि त्याच्यावर हसणारे मित्र.

मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे येतात. भटजींच्या पांढऱ्या उपरण्यावर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) धरून घ्या किंवा माणसं मांडवाच्या कडेला येतील तेव्हाच टिपा. मुंजीतलं मातृभोजन बहुधा माजघरात, अंधारात. खिडकीच्या बाजूला उभे राहा, आयएसओ ३२०० करा; एफ १.८ची ५० मिलिमीटर लेन्स असेल तर तिचा खरा उपयोग इथे आहे. फोटोत थोडे दाणे (नॉइज) दिसले तरी चालतील, फ्लॅश मारून आई-मुलाचा घास मोडू नका.

सगळ्या कुटुंबाचा फोटो साडेपाचनंतर, घराच्या सावलीत. वडीलधारे खुर्च्यांवर, पोरं खाली, कुणालाही अगदी कडेला ठेवायचं नाही. रुंद लेन्स कडेची माणसं जाड करते. एफ ८. सलग सात-आठ काढा, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. शेवटचा टायमरवर, म्हणजे तुम्हीही त्यात याल.

खारं वारं

पुळणीवर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात किंचित ओलावलेल्या कापडानं कॅमेरा पुसा, मग कोरड्यानं. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बॅग अर्धा तास तशीच बंद राहू द्या. रात्री कॅमेरा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

रोजचे फोटो दोन ठिकाणी उतरवा. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो. आणि आजीसाठी ४ बाय ६चे प्रिंट काढा. मागे नावं आणि तारीख पर्मनंट मार्करनं लिहा, वाळल्याशिवाय प्रिंट एकावर एक ठेवू नका. त्या गुळगुळीत कागदावर बॉलपेन टिकत नाही.