फ्लॅपच्या ऑपरेशननंतर मुलाच्या बोलण्याकडे घरी कसं पाहायचं

दुभंगलेली टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत शिवली, तरी दर १० मधली २-३ मुलं पुढेही नाकातच बोलत राहतात. मऊ टाळू आखूड पडते किंवा पुरेशी उचलली जात नाही, घशाच्या मागच्या भिंतीला टेकत नाही. मग ‘प’साठी तोंडात कोंडायची हवा नाकातून निसटते. अशा वेळी चार-पाच वर्षांच्या सुमाराला सर्जन दुसरं ऑपरेशन सुचवतात. त्याचे प्रकार तीन-चार आहेत. त्यातल्या एकात घशाच्या मागच्या भिंतीचा पट्टा उचलून मऊ टाळूला जोडतात आणि दोन्ही बाजूंना श्वासासाठी वाट ठेवतात. दवाखान्यात सगळे त्याला नुसतं ‘फ्लॅप’ म्हणतात. मी कोल्हापुरात स्पीच थेरपी करते. हे सगळं फ्लॅप होऊन घरी आलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी.

आधी फुगे, शिट्ट्या, पिपाण्या आणि विझवायच्या मेणबत्त्या उचलून कपाटात ठेवा. फुंकताना टाळू ज्या तऱ्हेनं हलते, त्या तऱ्हेनं ती बोलताना हलत नाही. फुंकर दमदार झाली म्हणून ‘प’ सुधारत नाही. टाळूच्या मुलांवर काम करणाऱ्यांत यावर आता फारसं दुमत नाही, पण शिट्टीचा सल्ला काही मरत नाही. गडहिंग्लजकडचे एक आजोबा नातवाकडून रोज बासरी वाजवून घ्यायचे. पोरगं बासरी झकास वाजवायचं, ‘पाटी’ मात्र ‘आई’च ऐकू यायची.

पहिले काही आठवडे खाणं मऊ ठेवा: गुरगुट्या भात, वरण, खिमट, शिरा. भडंग, चकली, पोळीच्या कडक कडा आणि स्ट्रॉ सर्जन सांगेपर्यंत बंद. बोलायला बंदी नसते. मान थोडी आखडते, मूल घोरतं, आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, ‘मामा’ म्हटलं की ‘बाबा’ ऐकू येतं. सूज उतरेल तसं हे कमी होतं. पण झोपेत श्वास अडकतोय, मूल गुदमरून दचकून उठतंय असं दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सर्जनला सांगा. तोंडातून किंवा नाकातून ताजं रक्त आलं तर तडक दवाखाना गाठा.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशननं हवेची वाट दुरुस्त होते, उच्चार दुरुस्त होत नाहीत. हवा तोंडात टिकत नाही म्हटल्यावर मुलानं आपली युक्ती काढलेली असते: ‘प’, ‘त’, ‘ट’ ओठांनी-जिभेनं अडवायचे सोडून घशात स्वरयंत्रापाशी हवा अडवायची. दार दुरुस्त झालं तरी पोर सवयीनं खिडकीतूनच उडी मारतं. ही सवय चाकूनं जात नाही, शिकवून जाते. साधारण चार ते सहा आठवड्यांनी, सर्जननं होकार दिल्यावर, सुरुवात करा. कुठला आवाज आधी घ्यायचा हे थेरपिस्टकडून ठरवून घ्या, घरी नेमून दिलेला तेवढाच घ्या.

हवा कुठून जातेय हे मुलाला स्वतःला कळायला हवं. फिशटँकला वापरतात तसली हातभर नळी घ्या, धुऊन वाळवा. एक टोक मुलाच्या नाकपुडीशी, दुसरं त्याच्याच कानाशी धरा. ‘पपपप’ म्हणताना फुस्स ऐकू आलं की हवा नाकातून निघाली. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि ‘चुकलं’ हा शब्द तुम्हाला उच्चारावाच लागत नाही.

‘ब’ काढायची सोपी वाट ‘म’वरून जाते. मुलाला ‘मामा’ म्हणू द्या आणि म्हणता म्हणता हलकेच नाक चिमटीत धरा. हवेला जायला दुसरी जागा नसते, ‘बाबा’ निघतं. ‘नाना’वरून तसंच ‘दादा’. नंतर चिमूट सोडून तेच म्हणायचं. ‘प’साठी घसा मोकळा राहायला हवा, म्हणून कुजबुजत ‘प्‌… हा’ म्हणायला लावा. ‘ह’ सुरू असताना घसा आवळता येत नाही. आधी ‘फा’सारखं ऐकू येईल, येऊ द्या. तो ‘ह’ हळूहळू तोकडा करत न्या आणि मग आवाज मिसळा.

शब्द निवडताना सुरुवातीला म, न, ण आणि अनुस्वार टाळा. म्हणजे ‘पाणी’, ‘पान’, ‘आंबा’ मागे ठेवून ‘पाट’, ‘पापड’, ‘पोपट’, ‘बाई’ घ्या. नाकातले आवाज शेजारी असले की त्यांच्या ओढीनं बाकीचेही नाकात जातात. ‘कच्चा पापड, पक्का पापड’मध्ये नाकातलं एकही अक्षर नाही, त्यामुळे पुढे वाक्यांच्या टप्प्यावर ते फार कामाला येतं. अट एकच, सावकाश म्हणायचं. भराभर म्हणायची हौस पाहुण्यांसाठी ठेवा.

‘स’ बहुतेक मुलांचा शेवटपर्यंत चिवट राहतो. इथे मराठी आपल्याला मदत करते. ‘त’ नीट येत असेल तर दातांवर दात ठेवून जोरात ‘त्‌’ म्हणायला सांगा, ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’मधला ‘च’ निघतो. (‘चहा’मधला नव्हे.) मग ‘पाच’ म्हणताना शेवट लांबवायचा: ‘पाच्‌ स्‌ स्‌ स्‌’. ती शेपटी सुटी केली की ‘स’ हाताशी आला. जीभ दातांपुढे डोकावत असेल तर थेरपिस्टला दाखवा. ‘क’ आणि ‘ग’ घरी स्वतःहून सुरू करू नका, त्यात घशातली जुनी सवय ओळखायला सरावलेला कान लागतो.

एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरेत, दिवसातून दोन-तीनदा. रविवारी तासभर बसवून भरपाई होत नाही. सुटा आवाज, मग ‘पा-पी-पू’, मग शब्द, मग वाक्य. दहातले आठ-नऊ बरोबर आले की पुढची पायरी. सरावाच्या बाहेर मूल काही सांगत असेल तर ते ऐका. ‘नीट बोल’ हे वाक्य घरात बंदच करा, आजी-आजोबांनाही समजावून सांगा. मुलानं ‘आई’ म्हणून पाटी मागितली तर पाटी द्या आणि ‘ही घे पाटी’ एवढं स्वच्छ म्हणा. शाळेत ‘गेंगाण्या’ म्हणत असतील तर वर्गशिक्षकांना भेटा. गप्प बसणाऱ्या मुलाचा सराव कोण घेणार?

कान तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारा. दुभंगलेले ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहेत, आणि ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

फोनवर दर महिन्याला तीच वाक्यं रेकॉर्ड करा: एक पापडाचं, एक ‘मामा’चं. साधारण तीन महिन्यांनी सर्जन आणि थेरपिस्ट दोघांना ऐकवा. ‘मामा’ अजून ‘बाबा’ येत असेल तर वाट जास्त बंद झालेली असू शकते. ओठ-जीभ योग्य जागी लागूनही ‘पापड’ नाकातून येत असेल, तर नाकाकडची वाट बोलताना अजून पुरती बंद होत नाही किंवा टाळूला छोटं भोक राहिलंय. त्यावर आणखी सराव हा इलाज नाही. नाकातून दुर्बीण घालून बोलतानाची टाळू पाहायला सांगा, आणि ती पाहताना थेरपिस्ट तिथे हजर असतील असं बघा.