घुबडाच्या गोळीतून शिवारातले उंदीर कसे ओळखायचे

करवीर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. दिवाळीची सुट्टी संपून ऊसतोड सुरू झाली की नववीच्या पोरांना हे काम देते, आणि दरवर्षी एखादे पालक विचारतातच, "मॅडम, पोरांच्या हातात घुबडाची घाण कशाला?" ती घाण नव्हे. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पोटात दाबली जाऊन त्यांची गोळी होते आणि ती काही तासांनी तोंडातून बाहेर पडते. घार-ससाण्यांच्या पोटात हाडंही बरीचशी विरघळतात. घुबडाच्या पोटातलं आम्ल त्या मानाने सौम्य, म्हणून कवटी दातांसकट शाबूत मिळते. सापळा नको, जीव मारायला नको. आपल्या शिवारात रात्री कोण कोण फिरतं याचे नमुने घुबड आयते आणून टाकतं.

आधी जागा शोधायची. बंद पडलेलं गुऱ्हाळघर, पडका वाडा, जुन्या विहिरीतला कोनाडा, देवळाच्या शिखराची पोकळी, पाण्याची टाकी. भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की त्यांच्या खाली बघा. मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. वरून साप फुत्कारल्यासारखा आवाज आला तर पिल्लं आहेत असं समजून गुपचूप मागे फिरा. महिना-दोन महिने तिकडे फिरकू नका. घुबडाला, त्याच्या अंड्यांना आणि घरट्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि एक गोष्ट मी पोरांना दरडावून सांगते: जागा कुठे आहे ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. दिवाळीच्या आसपास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडणारी माणसं असतात, त्यांना पत्ता आपण कशाला द्यायचा?

गोळी गव्हाणी घुबडाचीच आहे ना, ते बघून घ्यावं. ताजी असेल तर काळी, गुळगुळीत, वरून व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत आणि अंगठ्याएवढी किंवा त्याहून मोठी असते. जुनी गोळी राखाडी पडते, बोटाने दाबली की भुसभुशीत लागते आणि कसरीच्या अळ्या तिच्यातले केस खात असतात. पिंगळ्याची गोळी बरीच लहान आणि तिच्यात बहुतेक भुंग्यांची कवचं. पंचगंगेच्या दरडीवर किंवा दगडाच्या खाणीत मोठ्या, जाड हाडांच्या गोळ्या सापडल्या तर त्या शृंगी घुबडाच्या असू शकतात. त्यांचं पाकीट वेगळं ठेवा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

पाकीट कागदाचंच हवं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. एका पाकिटात एकच गोळी, वर तारीख, गाव आणि भोवती काय आहे ते लिहायचं: आडसाली ऊस, खोडवा, भात, माळ, वस्ती. उचलताना हातमोजे आणि तोंडाला मास्क. उघडण्याआधी गोळ्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर ४० मिनिटं ठेवल्या की बरेचसे जंतू मरतात. ओव्हन स्वयंपाकाचा नको. आमच्याकडे शाळेत एक मोडका ओटीजी आहे, तो याच कामाला ठेवलाय. डीएनए तपासायचा विचार असेल तर मात्र दोन-तीन गोळ्या न तापवता बाजूला काढा. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

आता उघडायची. पांढरी थाळी, चिमटा, गोधडी शिवायची जाड सुई, मऊ टूथब्रश आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढं पुरतं. गोळी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली की केस सुटतात. घाई केली की पहिली मोडते ती कवटी, म्हणून केस कडेकडेने ओढत मधे यायचं. मोठी हाडं आधी हाती लागतात, पोरं खूश होतात आणि बरगड्या जुळवत बसतात. बसू द्या. पण ओळख पटते ती कवटी आणि खालच्या जबड्यावरूनच. हाडं पांढरी करायची असतील तर औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्यात थोडा वेळ ठेवून धुवावीत. फरशी पुसायचं ब्लीच वापरू नका, त्याने हाडं ठिसूळ होतात.

पहिला प्रश्न एकच: पुढच्या दातांच्या मागे मोकळी जागा आहे का? असेल तर तो कुरतडणारा प्राणी, म्हणजे उंदीर, घूस, खार यांच्यातला. वर दोन, खाली दोन लांब वाकडे पटाशीचे दात. पुढच्या बाजूला पिवळसर-नारिंगी कठीण थर, मागची बाजू मऊ. कुरतडताना मागची बाजू जास्त झिजते, म्हणून दाताला कायम धार राहते, आणि दात जन्मभर वाढतच असतो. त्याच्यामागे रिकामी जागा आणि मग दाढा. उंदीर-घुशीला प्रत्येक बाजूला तीनच.

मोकळी जागा नसेल, नाकाच्या टोकापासून घशापर्यंत टोकदार दातांची सलग ओळ असेल, तर ती चिचुंद्री. ही कवटी भिंगाखाली नीट बघा, मला सगळ्यांत जास्त हीच आवडते. जेमतेम तीन सेंटिमीटर, लांबट, चपटी. डोळ्याखालून गालाच्या हाडाची जी कमान उंदराला असते ती हिला नाहीच, त्यामुळे बाजूने बघितलं की काहीतरी तुटलंय असं वाटतं. सगळ्यांत पुढचा वरचा दात आकड्यासारखा वाकडा आणि त्याच्या बुडाशी दुसरं छोटं टोक. त्याच्या मागे एकेका टोकाचे चार दात, त्यातला चौथा इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. दात पांढरे. किडे, अळ्या फोडून खायची ही हत्यारं आहेत.

"मॅडम, ह्यो पण उंदीरच की," असं कुणीतरी म्हणतंच. इथे मी थांबते. माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकात चिचुंद्री 'कीटकभक्षी' नावाच्या गटात होती आणि त्या गटात बारकं, टोकदार दातांचं जे जे मिळेल ते कोंबलेलं होतं. २००१ च्या सुमारास सस्तन प्राण्यांच्या जनुकांची मोठ्या प्रमाणावर तुलना झाली आणि तो गट मोडला. आता जी वंशावळ मानली जाते तिच्यात उंदीर, खार, ससा, माकड आणि माणूस एका फांदीवर येतात. चिचुंद्री दुसऱ्या फांदीवर, वटवाघूळ, गाय, घोडा, कुत्रा यांच्याबरोबर. म्हणजे उंदीर चिचुंद्रीपेक्षा आपल्याला जवळचा. सारखं दिसणं आणि सारखं असणं यात कोट्यवधी वर्षांचं अंतर पडू शकतं, आणि पोरांना ते दाखवायला ही दोन कवट्यांची जोडी शेजारी ठेवली की बास.

उंदरांमधला फरक ओळखायला सराव लागतो. कवटी चार सेंटिमीटरच्या आसपास, भक्कम, पटाशीचे दात रुंद: ही शेतातली लहान घूस. बिळाबाहेर मातीचा ढीग करते, बिळात धान्य साठवते आणि उसाचं बूड कुरतडते. शेतकरी शिव्या घालतो त्या हिलाच, आणि त्या चुकीच्या नाहीत. मध्यम कवटी, दात नाजूक, तर काळ्या रानाच्या भेगांत राहणारा मऊ केसांचा उंदीर असू शकतो. वरच्या प्रत्येक पटाशीवर उभी खाच आणि कवटीच्या मागे कानाचे फुगीर गोळे असतील तर जर्बिल नावाचा उंदीर; माळावरच्या, कोरड्या बाजूच्या गोळ्यांत शोधा. दोन सेंटिमीटरच्या जवळपासची कवटी असेल आणि पहिली दाढ मागच्या दोघींच्या बेरजेपेक्षा लांब दिसली, तर ते उंदराचं पिल्लू नसून पिटुकला उंदीर. त्यातही घरातल्या पिटुकल्याच्या पटाशीला बाजूने बघितलं की टोकाशी पायरी दिसते.

यापुढे कवटी हात टेकते. बांधावर राहणारे मस बुडुगा आणि मस टेरिकलर हे दोन पिटुकले उंदीर दिसायला इतके सारखे आहेत की खात्री करायची तर गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले डीएनएचे गुंडाळलेले धागे, बघावे लागतात. दोघांच्याही पेशीत ४० गुणसूत्रं, पण टेरिकलरच्या काही गुणसूत्रांना बुडुगामध्ये नसलेले आखूड हात आहेत. त्यांचाच नातेवाईक, काटेरी केसांचा मस प्लॅटिथ्रिक्स, याच्याकडे २६ च. चिचुंद्रीचं तर एकाच जातीत जागेनुसार ३० ते ४० असं बदलतं. गोळीतल्या वाळक्या हाडात गुणसूत्रं बघता येत नाहीत, कारण त्यासाठी जिवंत पेशी लागते. पण दातात डीएनएचे तुकडे उरतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागातल्या डीएनएच्या प्रती भरपूर असल्याने प्रयोगशाळा बहुधा तिथला सायटोक्रोम बी हा जनुक वाचतात. तो सुमारे ११४० अक्षरांचा. गोळीतून मिळतो तो त्याचा एखादा तुकडा, पण जात ठरवायला बऱ्याचदा तेवढा पुरतो.

त्यासाठी बाजूला काढलेल्या गोळ्या कोरड्याच उघडायच्या. पाणी नको, पेरॉक्साइड नको, उघडा हात नको. एक खालचा जबडा कागदात, कागद डबीत, डबीत सिलिका जेलच्या पुड्या. नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतील. मग जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा. जात ओळखण्यात अडलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जिवंत प्राणी सापळ्यात धरायची हुक्की आली तर आधी वन खात्याला विचारा.

मोजायचं असं. एका गोळीत तीन डावे जबडे, दोन उजवे आणि दोन कवट्या निघाल्या, तर किमान तीन प्राणी. बेरीज करून सात लिहू नका. वहीत प्रत्येक गोळीला एक ओळ. उसाचा फड तुटण्याआधीच्या आणि नंतरच्या गोळ्या वेगळ्या मांडा, तसंच नदीकाठच्या आणि माळावरच्या. २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला की काठावरची बिळं बुडतात, त्या वर्षीचं पान वेगळंच ठेवावं. आणि वहीत जे नाही ते शिवारात नाही असं समजू नका. खार दिवसा फिरते, ती घुबडाला सापडत नाही. मोठी घूस त्याला झेपत नाही. घुबड त्याला सोपं पडेल तेच उचलतं.

ही वही घरी वाचली गेली तर तिचा उपयोग. आमचे मामंजी पूर्वी सगळ्या बांधावर विषाच्या गोळ्या टाकायचे. ब्रोमाडायोलोन हे उंदरांचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला तोच आधी सापडतो. विष त्याच्या पोटात जातं. बरं, बांधावरची चिचुंद्री ऊस खातच नाही. मग संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळं, औषध फक्त त्यांच्या आत खोल घालायचं आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरायचे, असं ठरलं. औषधही कमी लागतं. मामंजींना पटलं ते त्यामुळे.

बांधावरचं गवत पेटवायचं की नाही यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझं म्हणणं असं की पिटुकला उंदीर फार लांब जात नाही. चारी बाजूंनी रस्ते आणि पेटवलेले फड असले की एकेका तुकड्यातली पिढी आपापसातच वाढते आणि तिच्यातली जनुकीय विविधता घटत जाते. गवताचा बांध म्हणजे त्याची वाट. दाजीपूरला गवा बघायला आपण गाडी करून जातो, शेकरू राज्यप्राणी म्हणून पाटीवर असतो. बांधावरच्या या मंडळींसाठी कुणी पाटी लावत नाही.

काम संपल्यावर केसांचा गाळ पुरून टाका, हात साबणाने धुवा, कवट्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून खाली पाकिटावरची तारीख आणि गाव उतरवा. आणि जूनमध्ये, वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे निघाले की पिंगळ्याची एखादी गोळी उघडून बघा; तिच्यासाठी वहीत वेगळी चार पानं सोडा.