सायकलला सस्पेन्शन सीटपोस्ट कसा बसवावा आणि आपल्या वजनाला कसा जुळवावा

ताईची कंबर धरायची ती घाटात चढताना नव्हे, तर पुण्यातल्या सपाट रस्त्यांवर. कोथरूडहून ऑफिसला जाताना दर दोनशे पावलांवर गतिरोधक, उखडलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेली चेंबरची झाकणं. तिच्या हायब्रिड सायकलला पुढे शॉकअप आहे, मागे काहीच नाही. मागच्या चाकाला बसलेला दणका सरळ दांड्यातून माकडहाडात. जेलचं कव्हर घालून झालं, जाड गादीची सीट लावून झाली. शेवटी मी तिला सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा स्प्रिंगवर दबणारा दांडा, बसवून दिला. पंधरा दिवसांनी विचारलं, तर म्हणाली, "खरं सांगू का, मला काही फरक वाटत नाही रे."

ती खरंच सांगत होती. ती सीटवर बसल्यावर पोस्ट नखभरही खाली जात नव्हता. आतली स्प्रिंग तिच्या 54 किलो वजनाला फार कडक होती आणि मी ती तपासलीच नव्हती. पोस्ट बसवायला वीस मिनिटं लागतात. तो आपल्या वजनाला जुळवायला एक अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. ती संध्याकाळ वाचवली, तर पैसे वाया जातात.

पैसे घालण्याआधी टायरमधली हवा बघा. पुष्कळ जण टायर दगडासारखं होईपर्यंत पंप मारतात. टायरच्या कडेवर कमाल आणि बहुतेक वेळा किमान दाब छापलेला असतो. त्या मर्यादेत राहून हवा थोडी उतरवा आणि आठवडाभर चालवून पाहा. तेवढ्याने भागलं तर उत्तमच. दुखणं दणक्यानंतर होतं की नुसतं बसून राहिल्यावर, हेही ओळखा. मांड्यांच्या मधे बधिरपणा येत असेल, तर दोष सीटच्या रुंदीत किंवा कलात आहे आणि तो या पोस्टने जाणार नाही. मणक्याचा जुना आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मनगटं दुखत असतील, तरी याचा उपयोग नाही.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला सरळ नळीचा: एका नळीत दुसरी नळी सरकते आणि आत स्प्रिंग किंवा रबरासारख्या इलास्टोमरचा ठोकळा असतो. हा स्वस्त, पण कालांतराने सीट डावी-उजवीकडे किंचित हलायला लागते आणि बारीक खडबडीत रस्त्यावर नळी आतल्या आत अडकते. दुसरा चार सांध्यांच्या चौकटीचा. केन क्रीकचा थडबस्टर, सनटूरचा एनसीएक्स, रेडशिफ्टचा शॉकस्टॉप हे या जातीचे. यात सीट खाली जाताना थोडी मागेही जाते, त्यामुळे पेडलपासूनचं अंतर फारसं बदलत नाही आणि पायांची लय मोडत नाही. रोज तासभर किंवा जास्त चालवणार असाल, तर थोडं थांबून, पैसे साठवून दुसराच घ्या असं मी सांगेन. ताईचा पहिल्या प्रकारचा आहे, आणि अर्ध्या तासाच्या रपेटीला तो पुरतो.

विकत घेताना सगळ्यात जास्त चुका जाडीत होतात. जुना पोस्ट पूर्ण बाहेर काढा. खालच्या भागात, 'इथपर्यंत आत हवाच' अशा खुणेजवळ, आकडा कोरलेला असतो: 27.2, 30.9, 31.6 मिलिमीटर, साध्या सायकलींना बऱ्याचदा 25.4 किंवा 28.6. "जवळपास तेवढाच आहे" हे इथे चालत नाही. 0.2 मिलिमीटरने बारीक पोस्टही खाली घसरत राहतो आणि जास्त आवळला तर फ्रेमची कड दबते. नवा पोस्ट बराच बारीक असेल, तर मधे घालायची शिम नावाची नळी मिळते. जाड पोस्ट बारीक नळीत घालायला मात्र कोणताही उपाय नाही. आकडा पुसला असेल, तर दुकानात व्हर्निअर कॅलिपरने मोजून घ्या.

दुसरं माप उंचीचं. सस्पेन्शनच्या भागाला फ्रेम आणि सीट यांच्यामध्ये जागा लागते, बऱ्याच मॉडेलना 8 ते 10 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. ज्यांची सीट फ्रेमला जवळजवळ टेकलेली असते, अशा कमी उंचीच्या लोकांना बऱ्याचदा तो बसतच नाही. कंपनीने दिलेला आकडा आधी पट्टीने ताडून पाहा. किती वजनाला कोणती स्प्रिंग चालते, याचा तक्ताही तिथेच असतो.

आता बसवायचं काम. जुना पोस्ट काढण्याआधी पेडलच्या दांड्यांच्या मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढे सगळं याच आकड्यावर चालेल. फ्रेमच्या नळीत फडकं घालून आतली घाण पुसा. नव्या पोस्टला ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पावसाळ्यानंतर तो आत गंजून धरणार नाही. फ्रेम कार्बनची असेल, तर ग्रीस लावू नका. तिला वेगळी पेस्ट लागते आणि असा पोस्ट चालतो का, हेही कंपनीकडून आधी कळायला हवं. किमान खूण फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. पोस्ट धरणाऱ्या क्लॅम्पवर जेवढा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, छापला असेल, तेवढाच आवळा. बहुतेक ठिकाणी तो 5 ते 7 न्यूटन-मीटर असतो.

मग जुळवणी. सरळ नळीच्या पोस्टवर रबरी बूट, म्हणजे घडीचं आवरण, असेल तर तो वर सरकवा आणि आतल्या चकचकीत नळीला प्लॅस्टिकची बारीक केबल टाय बांधून खालच्या नळीच्या कडेला टेकवा. भिंतीला हात लावून अलगद बसा, पाय पेडलवर ठेवा, झटका न देता उतरा. टाय जिथे सरकून थांबली, तिथपर्यंत त्या कडेपासून पट्टीने मोजा. पोस्टची चाल, म्हणजे तो एकूण जेवढा दबू शकतो ते अंतर, 40 मिलिमीटर असेल, तर तो साधारण 8 ते 10 मिलिमीटर दबायला हवा, म्हणजे पाचवा ते चौथा भाग. ताईचं पहिलं माप जेमतेम 1 मिलिमीटर होतं. चौकटीच्या पोस्टला टाय लागत नाही. रिकामी सीट जमिनीपासून मोजा, मग बसून दुसऱ्याला मोजायला सांगा.

कमी दबत असेल, तर पोस्ट बाहेर काढून तळाशी असलेला अॅलनचा (षट्कोनी किल्लीचा) स्क्रू उलटा फिरवा, जास्त दबत असेल तर आवळा. एका वेळी अर्धाच आटा. तो स्क्रू नळीच्या तोंडाबाहेर कधीही येऊ देऊ नका. आटे अपुरे राहिले, तर स्प्रिंगसकट सगळं निसटतं. सगळा सैल करूनही सीट हलत नसेल, तर स्प्रिंग किंवा इलास्टोमरच बदलावा लागतो. स्क्रूने फक्त सुरुवातीचा ताण बदलतो, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. आम्ही हलकी स्प्रिंग मागवली, तेव्हा माप 9 वर आलं.

यानंतर उंची पुन्हा लावा. इथे मी स्वतः गुडघा दुखवून घेतला होता. बसल्यावर सीट जेवढी दबते, तेवढी रिकामी असताना वर हवी. लिहून ठेवलेला आकडा 72 सेंटिमीटर असेल आणि दाब 1 सेंटिमीटर, तर 73 वर आवळा. चौकटीचा पोस्ट असेल, तर सीट रुळांवर काही मिलिमीटर पुढे घ्या, कारण बसल्यावर ती मागे जाते.

तपासायला आपला नेहमीचा खराब रस्ता घ्या आणि एकाच वेगाने दोनदा जा. गतिरोधकावर 'टक्' असा धातूचा आवाज आला, तर पोस्ट तळाला आपटतोय. थोडा कडक करा. सपाट रस्त्यावर प्रत्येक पेडलबरोबर तुम्ही वरखाली होत असाल, तेव्हाही तेच. चांगला जुळलेला पोस्ट सपाट रस्त्यावर जाणवतच नाही. मोठा खड्डा समोर दिसला, की पूर्वीसारखंच पेडलवर उभं राहायचं.

काळ्या सायकलींच्या सीटखाली असतात तशा स्प्रिंगा तुमच्या सीटला असतील, तर साधी सीट लावा. दोन्ही मिळून नुसतं डोलणं वाढतं. लहान मुलाची सीट किंवा कॅरिअर पोस्टच्या हलत्या भागाला कधीच जोडू नका.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी सीटचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ वाढला असेल, तर नळीचा वरचा कॉलर हाताने घट्ट करा. बुटाखालचा चिखल पुसून, नळीला ताजं ग्रीस लावून बूट परत खाली ओढा.

परवा ताईने जाता जाता सांगितलं की आता ती डेक्कनच्या त्या चेंबरवरून जाताना पेडल थांबवत नाही.