पिनकोड फोडायचा कसा? सांगलीचा मऊ, साताऱ्याचा चिवट

सहा अंकी संख्या दिसली की हात आपसूक मोबाइलकडे जातो. आज तो बाजूला ठेवा, कागद-पेन्सिल पुरे. संख्या घरच्याच घेऊ: सांगलीचा पिनकोड ४१६४१६ आणि साताऱ्याचा ४१५००१. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, शिवाय संस्कृत कवी.) काम एकच, संख्येचे मूळ अवयव काढायचे.

आधी सांगली. संख्या सम आहे, तर विषम होईपर्यंत २ ने भागत सुटा: २०८२०८, १०४१०४, ५२०५२, २६०२६, १३०१३. पाचदा भाग गेला. आता ३ ची कसोटी: १३०१३ च्या अंकांची बेरीज ८, म्हणजे ३ बाद. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणजे ५ ही बाद.

पुढे ७, ११, १३ आले की बहुतेक जण कंटाळतात. पण भागाकाराला बसण्याआधी संख्येकडे नुसतं बघावं, निम्मं काम तिथेच होतं. ४१६४१६ मध्ये ४१६ दोनदा आलंय. तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली की तिला १००१ ने गुणल्यासारखंच होतं, आणि १००१ = ७ × ११ × १३. आपल्याकडे उरलेले १३०१३ म्हणजे १३ × १००१. झालं: २ पाच वेळा, ७ एकदा, ११ एकदा, १३ दोनदा.

एकूण विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ६ × २ × २ × ३ = ७२. म्हणजे ४१६४१६ बेदाणे असतील, तर एकही न उरता सारखे वाटे ७२ प्रकारे पडतात.

आता सातारा. ४१५००१ ला २, ३, ५ लागत नाहीत. ७ ने बाकी ६, ११ चालत नाही, १३ ने बाकी २. असं कुठवर जायचं? वर्गमुळापर्यंत, कारण दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. ६४४ चा वर्ग ४१४७३६, म्हणून ६४४ पर्यंत. तिथवर मूळ संख्या आहेत ११७. त्यातल्या १११ हात हलवत परत पाठवतात, तेव्हा कुठे ६१३ पाशी भाग जातो. रविवार गेला.

हे टाळायला सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितीची युक्ती आहे. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या: ६४५. तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग! दोन वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र लावा: (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७. दोन्ही मूळ. पहिल्याच फेरीत चिवट सातारा फुटला.

उरलेली संख्या पूर्ण वर्ग नसेल, तर एकेकाने वर सरका. मात्र दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही युक्ती झटपट चालते. म्हणूनच आरएसए कूटलेखनासाठी (संदेश गुप्त ठेवायची ही पद्धत, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडणं अवघड असतं यावर ती चालते) मूळ संख्या निवडताना त्या फार जवळच्या नसतील अशी काळजी घेतात.

हात बसवायला वाटेतलं कराड घ्या, ४१५११०. आधी ३० ने भागून टाका. उरलेल्या १३८३७ ला फर्माची युक्ती ११८ पासून लावा. दुसऱ्या फेरीच्या पुढे जावं लागणार नाही.