जुन्या झुडपांना कात्री लावण्याआधी: मुंबईतल्या नवख्या बागकाम करणाऱ्यांसाठी ऑक्टोबरचा सल्ला

पाऊस परतला की मुंबईत छाटणीची घाई सुरू होते. गिरगावातली वाडी असो, पार्ल्यातल्या जुन्या बंगल्याचं आवार असो की मुलुंडच्या सोसायटीतली तळमजल्यामागची पट्टी, चार महिन्यांत सगळीकडे रान माजलेलं असतं. सासूबाईंनी किंवा आजोबांनी लावलेली बाग यंदा पहिल्यांदाच तुमच्या हाती आली असेल आणि कोणतं झुडूप कोणतं हेच कळत नसेल, तर या महिन्यात मोठी छाटणी करू नका. ‘सगळं एका उंचीला आणून देतो’ म्हणणाऱ्या माळ्यालाही करू देऊ नका.

आधी ओळख करून घ्या. फूल नसलं तरी पान बरंच काही सांगतं. अनंत आणि डबल तगर या दोघांची पानं समोरासमोर, गर्द आणि चकचकीत, म्हणून त्यांत हमखास गफलत होते. एक पान खुडून पाहा. पांढरा चीक आला तर तगर, अनंताला चीक नसतो. कण्हेरीची लांब, टोकदार पानं बहुधा एका पेरावर तीन-तीन येतात. पारिजातकाचं पान हाताला खरखरीत लागतं आणि त्याची कोवळी फांदी चौकोनी असते. कुंती ही लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातली, पान चुरगळलं की वासावरून कळतं.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्या तोडताना हातमोजे घाला, हात साबणाने धुवा आणि फांद्या जाळू नका, कारण धूरही घातक असतो. घरात रांगतं मूल असेल तर बिट्टीची पडलेली फळं रोज उचला. ओळख पटेपर्यंत कोणत्याच झुडपाचा चीक डोळ्यांपर्यंत जाऊ देऊ नये.

छाटणी थांबवायचं कारण असं की प्रत्येक झुडपाची फुलण्याची रीत वेगळी. अनंताची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करायची असते. आता कापलात तर पुढच्या उन्हाळ्याची फुलं गमवाल. एक्झोराचे गुच्छ फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे कुंपणासारखा सपाट कापलेला एक्झोरा पानांनी भरतो आणि फुलत मात्र नाही. मोगऱ्याला कडक छाटणी मानवते, पण ती डिसेंबरअखेर ते जानेवारीत, आधी पाणी कमी करून. मग नव्या फुटीवर मार्चपासून कळ्या धरतात. पारिजातक तर आत्ता फुलतोय, त्याला बहर संपेपर्यंत हात लावू नका. तो झाडाएवढा वाढला असेल तर महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष जतन कायद्याचा विषय येतो. फांद्या तोडण्याआधी महापालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान विभागात विचारून घ्यावं. अपवाद बोगनवेलीचा: ती आता छाटा आणि पाणी तोडा, थंडीत रंग भरेल.

मग आत्ता करायचं काय? वाळलेल्या, सडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. फांदी मेली की झोपली याची शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. बुंध्याशी साचलेला गाळ बाजूला करा, उघड्या पडलेल्या मुळांवर माती आणि शेणखत घाला. वर पाल्याचा थर द्या, पण तो खोडाला टेकू देऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात हा थर मोठं काम करतो.

याच उन्हात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (मिलीबग, रस शोषणारी कीड) चढतो. शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं आणि मुंग्यांची ये-जा असली की समजा. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. फार बरबटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका.

अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर पाणी वाढवू नका. मुंबईतल्या कित्येक आवारांच्या मातीत जुन्या बांधकामाचं डेबरिज असतं. त्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह मिळत नाही. विटा-सिमेंटचे तुकडे वेचा, कंपोस्ट भरपूर घाला आणि 2 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं क्षार) एक लिटर पाण्यात विरघळवून पानांवर फवारा.

खूप जुनं, खोडाळ झालेलं झुडूपही उपटू नका. बुडातून अनेक फांद्या असतील तर योग्य हंगामात सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडापासून काढा, उरलेल्या पुढच्या दोन वर्षांत. पण त्याआधी त्याचं रोप हाताशी हवं. जास्वंद आणि तगर पेन्सिलीएवढ्या फांदीवरून सहज रुजतात, हवेत ओल आहे तोवर याच महिन्यात लावा. अनंताची गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ बांधून मुळं फोडणं, पुढच्या पावसाळ्यात बांधा.

आणि शेजारच्या काकूंना विचारा. कोणत्या झुडपाची फुलं त्या कोणत्या सणाला नेत असत, हे त्यांना पक्कं आठवतं. ते महिने घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, छाटणीच्या तारखा त्यावरूनच ठरतील.